एक्केचाळीस ओक

स्कॉटलंडमधल्या क्रेगलॉच्या बागेत पाँटिक ओकच्या बिया आल्या तेव्हा त्यांतल्या निम्म्या सडल्या होत्या आणि उरलेल्यांना अळी लागली होती. जॉर्जिया देशातल्या डोंगरातून निघालेलं खोकं वाटेत कुठेतरी तीन आठवडे अडकून पडलं होतं. बागेचा प्रमुख अ‍ॅलिस्टर याने ते उघडलं, नाक मुरडलं आणि सगळं खताच्या ढिगावर टाकायला सांगितलं. ओकची बी म्हणजे काही गहू नव्हे, की वाळवली, डब्यात भरली आणि दोन वर्षांनी पेरली. ती वाळली की मेली. झाडावरून पडली की तिला ओल हवी असते, ती सुद्धा लगेच.

खोक्याभोवती चार माणसं उभी होती. तिघांनी माना डोलावल्या. चौथी होती नीना बोरकर. ती म्हणाली, "टाकायच्याच असतील तर मी बघू का?"

टाकाऊ वस्तू मागायला नीनाला कधी संकोच वाटला नाही. चांगली वस्तू मागायची वेळ आली की मात्र तिची जीभ टाळ्याला चिकटायची. तिचा स्वभावच तसा, आणि पुढे जे काही झालं त्याचं मूळही तिथेच आहे.

नीना नागपूरची. तिथल्या एका कॉलेजात तिने सोळा वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यातली शेवटची चार विभागप्रमुख म्हणून. मग नवऱ्याला, परीक्षितला, एडिनबरातल्या एका बँकेच्या आयटीत नोकरी लागली आणि बोरकर मॅडम त्याच्या व्हिसाला जोडलेलं एक नाव होऊन इकडे आल्या. पहिलं वर्ष घर लावण्यात आणि घर खायला उठण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी ती शहराबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या बागेत व्हॉलंटियर म्हणून जाऊ लागली. बाग एका ट्रस्टची; जगभरच्या डोंगरांतली झाडं तिथे वाढवतात. तिसऱ्या वर्षी तिला एप्रिल ते ऑक्टोबर अशी हंगामी नोकरी मिळाली आणि पुढे दर वर्षी ती नव्याने मिळत गेली. कुंड्या धुवायच्या, तण काढायचं, ट्रे भरायचे. नागपुरात जिच्या हाताखाली दोन लॅब असिस्टंट होते ती इथे गुडघ्यांवर बसून शेवाळ खरवडत होती. आपल्याला याचं काही वाटत नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. वाटत होतं. चांगलं झोंबत होतं.

तर त्या बिया. जायफळाएवढ्या मोठ्या, तपकिरी. नीनाने त्या बादलीत टाकल्या, तरंगल्या त्या फेकल्या, बुडाल्या त्या ठेवल्या. मग हातात थर्मामीटर धरून अर्धा तास गरम पाण्यात. पाणी नेमकं तापलेलं असलं की आतली अळी मरते आणि बी जगते. जरा जास्त झालं की दोन्ही मरतात. नंतर ओल्या नारळाच्या भुशात गुंडाळून पिशव्या स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये, लोकांच्या दुधाशेजारी. लोक कुरकुरले. नीनाने पिशव्यांवर ठळक अक्षरात नाव घातलं आणि कुरकुरीकडे काणाडोळा केला. तिचा पगार ऑक्टोबरअखेर थांबला होता. नोव्हेंबर ते मार्च ती दोन बस बदलून रोज फुकट आली, पिशव्या उघडून एकेक बी पुसली, बुरशी लागलेली काढून टाकली. परीक्षित म्हणायचा, ओक म्हटलं की मला पुण्यातली चार घरं आठवतात, तू कुठल्या ओकांची एवढी सेवा करते आहेस?

एक्केचाळीस रुजल्या. ओकचं आधी मूळ फुटतं, पान दिसायच्या कितीतरी आधी ते वीतभर खाली गेलेलं असतं, म्हणून त्याला उंच, अरुंद कुंडी लागते. अ‍ॅलिस्टरने पहिलं पान पाहिलं तेव्हा खाली वाकून ते बोटाने उलटून बघितलं. हे झाड त्याच्या मूळ मुलखातही फार उरलेलं नाही. कॉकेशसच्या उंच उतारांवर, झुडपांच्या गर्दीत ते वाढतं. ओक म्हणून डोळ्यांपुढे जो भव्य वृक्ष येतो तसं काही नाही. बुटकं, जाड फांद्यांचं. हिवाळाभर बर्फाखाली आडवं पडून राहतं आणि बर्फ वितळला की परत उठतं. पानं मात्र वीतभर, कंगव्यासारख्या कडांची. तीन वर्षांत रोपं जेमतेम गुडघ्याएवढी झाली. येत्या शरदात ती बागेच्या वरच्या उतारावर लावायची असं ठरलं.

याच सुमारास बागेत अक्षरा आली. वय चोवीस, जन्म लीड्सचा, आईवडील मूळचे पुण्याचे. वर्षभराची ट्रेनी. पहिल्याच दिवशी तिने नीनाच्या डब्याच्या वासावरून ती मराठी असल्याचं ओळखलं आणि दुपारपर्यंत नीनाची 'नीना मावशी' झाली. मुलगी कामाला चोख होती. एकदा सांगितलेलं पुरायचं. नीनाला सोळा वर्षांची सवय, समोर विद्यार्थी असला की तिची कळी खुलायची. कलम कसं करायचं, मूळ न दुखवता कुंडी कशी बदलायची, उंदरांपासून बी कशी राखायची, होतं नव्हतं ते सगळं तिने त्या पोरीला दिलं. दर गुरुवारी एक डबा जास्तीचाही.

मे महिन्यातल्या एका सकाळी दोघी शेडमध्ये ओकच्या कुंड्या बदलत होत्या. अ‍ॅलिस्टर चहाचा मग घेऊन आला आणि उलट्या क्रेटवर बसला. इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, "ट्रस्टने कायमची जागा मंजूर केली आहे. रोपवाटिकेची प्रमुख. जाहिरात द्यावी लागेल, नियमच आहे. पण तू अर्ज करणार असशील तर मला फार शोधत बसावं लागणार नाही. करशील?"

नीनाने हातातली कुंडी खाली ठेवली. सहा वर्षं ती याच एका प्रश्नाची वाट बघत होती. पुन्हा कुणीतरी व्हायचं, दरवाजावर नाव, हातात किल्ल्या, बाराही महिने. आणि ही एक्केचाळीस रोपं तिचीच राहतील. तिने तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "नाही, नाही, मी कसली. एखादं तरुण, इथलं शिकलेलं माणूस बघा. मला कुठे जमणार आहे."

हे वाक्य तिच्या तोंडात तिच्या आईने ठेवलं होतं. तिच्या माहेरी पोह्यांची बशी पहिल्यांदा पुढे आली की 'नको', दुसऱ्यांदा 'खरंच नको', आणि तिसऱ्यांदा 'बरं, अगदी थोडे'. पहिल्याच वेळी हात पुढे करणाऱ्याला हावरट म्हणत. विभागप्रमुखपदाचंही असंच झालं होतं. प्राचार्यांनी विचारलं, ती नाही म्हणाली. चार दिवसांनी पुन्हा विचारलं, ती म्हणाली, माझ्यापेक्षा सीनियर लोक आहेत. तिसऱ्यांदा प्राचार्य म्हणाले, मॅडम, आता मी ऐकणार नाही, आणि तिने मान खाली घालून होकार दिला. पेढ्यांची ऑर्डर आठवडाभर आधीच गेली होती. यात खोटेपणा आहे असं तिथे कुणालाच वाटलं नाही. विचारणाऱ्याला ठाऊक असतं, नाही म्हणणारीलाही ठाऊक असतं. आणि एकदाच विचारून जो निघून जातो त्याच्या मनात द्यायचं नव्हतंच, हेही दोघांना ठाऊक असतं.

अ‍ॅलिस्टरने तिच्याकडे नीट पाहिलं. तिची सरळ बोलण्याची पद्धत आपल्याला आवडते, असं तो म्हणाला. लोक उगाच हो म्हणतात आणि नंतर सगळ्यांचीच पंचाईत होते. मग चहा संपवून, क्रेट जागेवर ठेवून तो गेला. शेडमध्ये नुसता मातीचा वास राहिला. अक्षरा बाकाच्या दुसऱ्या टोकाला मान खाली घालून कुंडीत माती भरत होती.

नीना थांबली. दुसऱ्यांदा विचारणं आज ना उद्या येणारच होतं. आठवडा गेला. अ‍ॅलिस्टर भेटला की पावसाबद्दल बोलायचा, गोगलगायींबद्दल बोलायचा. तिने परीक्षितला सांगितलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, इथे लोक एकदाच विचारतात. उद्या जा आणि सांग, विचार बदलला म्हणून. नाहीतर सरळ ईमेल कर."

"म्हणजे मी तोंडाने मागून घेऊ?"

"हो. इथे तसंच करतात."

हे तिला काय ठाऊक नव्हतं? कुणाच्या घरी चहा विचारला तर आता ती लगेच हो म्हणायची. पहिल्या वर्षी बराच काळ तहानलेली परत आल्यावर तेवढं शिकली होती. पण तो चहा होता. हा मान होता, आणि मान कुणी मागून घेत नाही. तो आग्रहाने द्यायचा असतो. अशी तिची समजूत, आणि समजूत कसली, ताठा तो. नागपूरच्या विभागप्रमुखाचा ताठा स्कॉटलंडच्या मातीत गुडघे टेकूनही गेला नव्हता.

जाहिरात आली. दोन आठवड्यांची मुदत. नीनाने पहिल्याच रात्री अर्ज भरला, सोळा वर्षांचा अनुभव, ओकची हकिकत, सगळं व्यवस्थित, आणि तो तसाच ठेवून दिला. अ‍ॅलिस्टर एका शब्दाने म्हणाला असता, 'काय, भरलास का?', तर ती बटण दाबणार होती. शेवटच्या दिवशी जाळीच्या ऑर्डरचं निमित्त काढून ती त्याच्या ऑफिसात गेली. तो सहानुभूतीनेच बोलला. म्हणाला की तुझं बरोबरच आहे, त्या जागेवर अर्धा वेळ स्क्रीनसमोर जातो, तुझा जीव मातीत. आता काय बोलणार? तोंडावर नाही म्हणून मागून गुपचूप अर्ज करणारी बाई, असा आपला अर्ज त्याच्यासमोर उघडेल, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला. जाळी किती मीटर लागेल ते सांगून ती बाहेर आली. पाच वाजता मुदत संपली तेव्हा ती बसस्टॉपवर उभी होती.

जुलैमध्ये अक्षराला ती जागा मिळाली.

नीनाने नारळाची बर्फी केली. मोठ्या मनाने केली, असं परीक्षितला वाटलं. खरं तर पाक ढवळताना तिचे दात आवळलेले होते. बागेत तिने अक्षराला जवळ घेतलं, तोंडात बर्फीचा तुकडा घातला आणि सगळ्यांना सांगितलं की ही माझी विद्यार्थिनी. अक्षराने तो तुकडा कसाबसा गिळला आणि एकदम रडली. आनंदाने, असं सगळ्यांनी धरून चाललं.

मग ऑगस्टपासून नीनाने आपली होऊ शकली असती अशा जागेवरच्या पोरीला ते काम शिकवलं. दरवाजावर नाव लागलं ते अक्षराचं. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून अक्षरा सकाळी शेड उघडायची आणि नीना बाहेर डबा हातात धरून उभी असायची. सप्टेंबरमध्ये अ‍ॅलिस्टरने तिला बोलावलं. फार वाईट वाटतंय, म्हणाला, पण कायमचं माणूस आल्यावर हंगामी जागेचे पैसे ट्रस्ट पुढच्या वर्षी देणार नाही. ऑक्टोबरअखेरपर्यंत मात्र नक्की. व्हॉलंटियर म्हणून यायला अर्थातच दार उघडं आहे. नीना म्हणाली, काही हरकत नाही. हेही तिच्या आईचंच वाक्य.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ओक लावायचे होते. वरच्या उतारापर्यंत गाडी जात नाही, म्हणून नीना आणि अक्षराने रोपं ट्रॉलीत घालून चार खेपा केल्या. पानं पिवळी पडली होती. वर वारा बोचरा, खाली शहर धुरकट. एकीने खड्डा खणायचा, दुसरीने रोप कुंडीतून सोडवून सरळ धरायचं, माती लोटायची, टाचेने दाबायची, सशांसाठी भोवती जाळी. दुपारपर्यंत तीस झाली. प्रत्येक रोप खड्ड्यात सोडताना नीनाला ती बी आठवत होती, बुडालेली, पुसलेली, फ्रिजमधली. आणि पुढच्या वसंतात यांना पानं फुटतील तेव्हा आपण कुठे असू, हे सारखं मनात येत होतं. घरीच असणार होती. दुसरं कुठे?

एकतिसाव्या खड्ड्याशी अक्षराने फावडं टाकलं.

"नीना मावशी, मला एक गोष्ट सांगायचा आहे. त्या दिवशी शेडमध्ये अ‍ॅलिस्टरने तुम्हाला विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात. आय न्यू. ते खरं नाही नव्हतं, मला माहीत होतं."

नीना रोप हातात धरून तशीच उभी राहिली.

"माझी आई सेम करते," अक्षरा म्हणाली. "लहानपणी गेस्ट आले की मला किचनमध्ये सांगायची, काकूंना तीनदा विचार, दोनदा नको म्हणतील, प्लेट घेऊन परत येऊ नको. आय न्यू एक्झॅक्टली. मी त्याला एक्सप्लेन करू शकले असते, दोन मिनिटं लागले असते. पण मला पण ते जॉब पाहिजे होतं. सो मी गप्प बसले. आणि मग तुम्ही ते बर्फी आणलं."

उन्हाळाभर नीनाने आधी अ‍ॅलिस्टरला दोष दिला होता, मग स्वतःच्या जिभेला. त्या शेडमध्ये तिसरं माणूस होतं, दोन्ही भाषा कळणारं, आणि त्याने माती भरायचं नाटक केलं, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. गुरुवारचे डबे आठवले. सगळी विद्या आठवली. आणि त्याच वेळी नेहमीचं उत्तर जिभेवर येऊन बसलं, असू दे गं, तुझं वय आहे, तुझं पुढे सगळं व्हायचं आहे. ते तिने गिळलं.

"मला राग आला आहे, अक्षरा," ती म्हणाली. "खूप राग आला आहे."

अक्षराला हे अपेक्षित नव्हतं. तिचे डोळे भरले. नाक पुसत ती म्हणाली, "मी अ‍ॅलिस्टरला सांगू का सगळं? तुम्ही म्हणालात तर मी आजच सांगते."

असल्या विचारण्याची नीनाला जन्माची ओळख होती. बशी पुढे करायची आणि मनातून म्हणायचं, नको म्हण, नको म्हण. आईकडून पोरगी एवढं तरी बरोबर शिकली होती.

"हो, सांग," नीना म्हणाली. "आज खाली गेल्यावर सांग."

अक्षराचा चेहरा उतरला. तिने मान हलवली आणि फावडं उचललं. उरलेली रोपं दोघींनी लावली. नीनाच्या हाताला उगाचच बळ आलं होतं. शेवटचे चार खड्डे तिनेच खणले.

खाली शेडजवळ अ‍ॅलिस्टर फ्लास्क घेऊन थांबला होता. त्याने दोघींना चहा ओतून दिला आणि विचारलं, लागली का सगळी? अक्षरा म्हणाली, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. मग वरची माती कशी निघाली ते सांगितलं. मग जाळी कमी पडली असती ते सांगितलं. मग सशांचं सांगितलं. नीनाने अर्धा कप संपेपर्यंत वाट पाहिली. सशांचं संपलं आणि अक्षराने कप तोंडाला लावला, तो खाली घेईना.

"अ‍ॅलिस्टर," नीना म्हणाली, "मला ती नोकरी हवी होती."

तो हसायला लागला आणि थांबला. "कुठली?"

"अक्षराची. मे महिन्यात तुम्ही मला विचारलंत, तीच. मला ती फार हवी होती. सहा वर्षं हवी होती."

तो गोंधळून बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, कधीच नव्हती, आणि तेच नीनाला असह्य होत होतं. "पण तू तर नाही म्हणालीस."

"तुम्ही परत विचाराल असं मला वाटलं होतं."

अ‍ॅलिस्टरने अक्षराकडे पाहिलं, ही काही उलगडून सांगेल या आशेने. अक्षरा बुटाला लागलेला चिखल दुसऱ्या बुटाने खरवडत होती. एवढ्यात वरून वारा आला आणि फ्लास्कचं झाकण घरंगळत गेलं. ते उचलायला कुणीच वाकलं नाही. मग अ‍ॅलिस्टर नीनाकडे वळला आणि अगदी मनापासून, खरोखरच्या दुःखाने म्हणाला, "पण नीना, मी विचारलं होतं."